एक मूल, दोन नावं

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलीला दोन नावं असतात. एक रजिस्टरमधलं आणि एक घरातलं. रजिस्टरमध्ये ती शाहिस्ता असते आणि घरी मुन्नी. पालकसभेला आलेली आई विचारते, "टीचर, हमारी मुन्नी पढने में कैसी है?" आणि मी मनातल्या मनात हजेरीपट चाळायला लागते, की यातली मुन्नी नेमकी कोण. थोड्या वेळाने उलगडा होतो. नावं दोन असली तरी मूल एकच. मुन्नीला ताप आला की शाहिस्ता शाळेत येत नाही.

हे मी वीस वर्षं रोज बघते आहे. तरी याच साध्या गोष्टीत मी अशी फसले की पाच मुलींचा हक्क दुसऱ्या पाच मुलींच्या पदरात गेला. त्याबद्दल लिहायचं आहे. थोडं कॉम्प्युटरचं बोलणं येईल, पण ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांनीही पळून जाऊ नये. मीही त्यांच्यातलीच होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूचे तासही घेते. दर परीक्षेनंतर बेचाळीस मुलींच्या गुणांच्या बेरजा कॅल्क्युलेटरवर करून डोळे दुखायचे. माझी मुलगी डिप्लोमाला आहे, ती तेव्हा पायथन शिकत होती. ही एक स्क्रिप्टिंग भाषा आहे. चार ओळी लिहायच्या, चालवायच्या आणि उत्तर लगेच समोर. खिदो वान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. नावाचा अजगराशी संबंध नाही, एका ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेवरून ते घेतलं आहे. मुलगी म्हणाली, "अम्मी, बेरजेचं काम याच्यावर टाका." मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

पहिला धडा व्हेरिएबलचा. मराठी गणितात आपण त्याला 'चल' म्हणतो, उर्दूच्या पुस्तकात 'मुतग़य्यर'. दोन्हींचा अर्थ बदलणारं. मुलीच्या पुस्तकात डब्याचं चित्र होतं. चल म्हणजे डबा, डब्यावर नाव, डब्यात किंमत. मला ते फार आवडलं. बीएडला आम्हाला शिकवलंच होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं, मूर्ताकडून अमूर्ताकडे जावं. साखरेचा डबा आणि पोह्यांचा डबा यांपेक्षा ज्ञात आणि मूर्त आणखी काय असणार!

सुरुवातीच्या चुका गमतीच्या होत्या. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलाला देवनागरीत नाव देता येतं, हे कळल्यावर मी खूश झाले. वर लिहिलं 'हजेरी' आणि त्याला १८० ही संख्या दिली. पाच ओळींनंतर तेच चल वापरताना लिहिलं 'हाजिरी'. दिवसभर मराठीच्या तासाला हजेरी आणि उर्दूच्या तासाला हाजिरी म्हणणाऱ्या बाईकडून दुसरं काय होणार? मशीनने लाल अक्षरांत तक्रार केली: नेमएरर, या नावाचं माझ्याकडे काही नाही.

ती तक्रार कशी वाचायची तेही शिकावं लागलं. मराठी डावीकडून वाचतात आणि उर्दू उजवीकडून. पायथनची तक्रार खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, त्याच्या वर कुठल्या ओळीत बिघडलं ते. नवशिके पहिल्याच ओळीला घाबरतात आणि खिडकी बंद करतात. २०२१ साली आलेल्या आवृत्तीपासून तर जवळचं एखादं नाव सापडलं की पायथन स्वतःच विचारतं, तुम्हाला हे म्हणायचं होतं का?

आपल्या लोकांना याची सवय हवी खरं तर. आधार कार्डावर मोहंमद, दाखल्यावर मोहम्मद, बँकेत मुहम्मद. माणूस एकच, पण खिडकीपलीकडचा म्हणतो, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. नावं बदलण्याचा हा प्रकार जुनाही आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बीजगणितावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मींचं नाव लॅटिनमध्ये जाता जाता 'अल्गोरिदम' झालं, आणि आता सगळी कॉम्प्युटरची दुनिया ते बिघडलेलं नावच घेते. अरबी बीजगणितात ज्या अज्ञात संख्येला आपण क्ष म्हणतो, तिला 'शय' म्हणत. म्हणजे वस्तू, उर्दूतली आपली शै. माणसांचं चुकलेलं नाव इतिहास खपवून घेतो. मशीन एक काना खपवून घेत नाही.

तरीही ओरडणारी चूक बरी असते. न ओरडणारी वाईट. एकदा बेरजेच्या ओळीत समान चिन्हाच्या उजवीकडे 'एकूण अधिक गुण' बरोबर लिहिलं, पण डावीकडे 'एकूण'ऐवजी 'ऐकूण' पडलं. हीच चूक मुलींच्या वहीत दिसली की मी लाल गोल करते. मशीनने लाल काही केलं नाही. उजवीकडे अनोळखी नाव आलं तर पायथन अडतं. डावीकडे आलं तर त्याला वाटतं, बाईंना नवं चल हवं आहे. ते मुकाट्याने एक नवं 'ऐकूण' तयार करतं आणि जुनं 'एकूण' शून्यावरच बसून राहतं. सगळ्या मुलींची बेरीज शून्य आली. मुलगी पोट धरून हसली.

मग गुण कीबोर्डवरून घेतले. उर्दूत ४५, मराठीत ३८. बेरीज आली ४५३८. दोन विषयांत चार हजार पाचशे अडतीस गुण! कारण इनपुट करून जे येतं ते पायथनच्या लेखी मजकूर असतो, संख्या नाही. दोन मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. आधी 'इंट' लावून त्याची संख्या करावी लागते. मजकूर आणि संख्या यांची बेरीज मागितली तर पायथन टाइपएरर म्हणून ओरडतं, पण दोन्ही मजकूर असले तर गप्प चिकटवतं. तुलना केली तरी तसंच. मजकूर म्हणून ९५ हे १०० पेक्षा मोठं ठरतं, कारण शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघितलं जातं आणि ९ हे १ च्या नंतर येतं.

या चुका उत्तर बघताच कळल्या. शून्य किंवा साडेचार हजार हे आकडे कुणाच्याही डोळ्यांत भरतात. मी निर्धास्त झाले. उत्तर दिसायला शहाणं असेल तर ते बरोबरच असणार, असं मला वाटायला लागलं.

आमच्या गावातले एक सद्गृहस्थ दरवर्षी आठवीत पहिल्या सहा आलेल्या मुलींची नववीच्या शिकवणीची फी भरतात. त्यांना यादी हवी होती. मुलगी तेव्हा होस्टेलवर. इशाची नमाज झाल्यावर मी एकटीच लॅपटॉप घेऊन बसले. हजेरीपटाच्या क्रमाने बेचाळीस नावांची एक यादी, त्याच क्रमाने पाचशेपैकी गुणांची दुसरी यादी. दुसरीचं नाव 'गुण'. पहिल्या नावाचे पहिले गुण, दुसऱ्या नावाचे दुसरे.

सहाव्या क्रमांकाचे गुण किती, हे काढायचं होतं. त्यासाठी गुण उतरत्या क्रमाने लावावे लागणार. मूळ यादीचा क्रम मोडायचा नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून आपण ऑफिसात करतो तेच केलं. एक प्रत काढली. लिहिलं, 'प्रत = गुण'. मग 'प्रत'ला सॉर्ट लावून उतरत्या क्रमात लावलं, सहावा आकडा घेतला आणि मशीनला सांगितलं, आता बेचाळीस मुलींमधून ज्यांचे गुण या आकड्याइतके किंवा जास्त आहेत त्यांची नावं दे.

सहा नावं आली. नेमकी सहा. पुढे गुण, ४७८ पासून खाली. लाल अक्षर एकही नाही. दुसऱ्या दिवशी मी यादी वर्गात वाचून दाखवली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तास संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, ये तो एक से छे नंबरच हैं." गणितात ती दर वेळी काठावर असते, यादीत यायची तिला आशाही नव्हती. मी यादी परत बघितली. अत्तार, अत्तार, बागवान, बागवान, बागवान, बागवान. हजेरीपटावरच्या पहिल्या सहा मुली, ओळीने. आणि एकेचाळीस नंबरची तांबोळी, जी पाचवीपासून वर्गात पहिली येते, ती खाली मान घालून दप्तर भरत होती.

घरी येऊन कागद काढला. गुणपत्रकावर तांबोळीचे गुण ४७८. प्रोग्रॅमने ते एक नंबरच्या मुलीला दिले होते. खऱ्या सहांपैकी फक्त चार नंबरची मुलगी त्या यादीत होती. बाकी पाच चुकीच्या आत, पाच बरोबरच्या बाहेर.

मुलीला फोन लावला. ओळी वाचून दाखवल्या. 'प्रत = गुण' ऐकताच ती म्हणाली, "अम्मी, ती प्रत नाहीच. ते फक्त दुसरं नाव आहे."

डबा तिथे फुटला. माझ्या मनात चित्र होतं की समान चिन्ह लिहिलं म्हणजे एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतलं, आता डबे दोन. पायथनमध्ये तसं नसतं. वस्तू एका जागी असते आणि चल म्हणजे तिला बांधलेली चिठ्ठी. 'प्रत = गुण' म्हटलं की त्याच यादीला दुसरी चिठ्ठी बांधली जाते. मी 'प्रत'चा क्रम लावला तेव्हा 'गुण'चाही क्रम लागला, कारण यादी एकच होती. नावांची यादी मात्र जागच्या जागी. सगळ्यात मोठे गुण पहिल्या नावापुढे येऊन बसले. मुन्नीचे केस कापले आणि शाहिस्ताच्या वेण्या तशाच राहतील असं मी धरून चालले होते.

मग इतके दिवस डब्याचं चित्र चाललं कसं? कारण तोवर मी साध्या संख्याच वापरत होते. क ला ५ दिले, ख ला क दिलं, मग क ला ६ दिले, तर ख पाचच राहतो. डब्यासारखंच दिसतं. पण तिथे पाच ही संख्या बदललेली नसते, क ची चिठ्ठी सोडून सहाला बांधलेली असते. संख्या आणि मजकूर यांना आतून बदलता येत नाही. यादीला येतं. नव्याने चिठ्ठी बांधणं आणि वस्तूच बदलणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नवशिक्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही.

दुरुस्ती एका शब्दाची होती. 'गुण'पुढे 'कॉपी' लावायचं, म्हणजे खरोखर दुसरी यादी तयार होते. किंवा 'सॉर्ट'ऐवजी 'सॉर्टेड' वापरायचं, ते मूळ यादीला हात न लावता क्रम लावलेली नवी यादी देतं. यादीच्या पोटात आणखी याद्या असतील तर साधी 'कॉपी' पुरत नाही, आतल्या याद्या दोघींच्या सामायिकच राहतात. मुलीने वर सुनावलं, "आणि नाव एकीकडे, गुण एकीकडे ठेवलेच कशाला? नावाला गुण बांधून एकत्र ठेवले असते तर कुणाचे गुण कुणाला गेलेच नसते."

प्रोग्रॅम दहा मिनिटांत सुधारला. वर्ग सुधारायचा होता. आपल्याकडे सांगतात की अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाहकडे माफी मागावी, पण माणसाचा हक्क मारला तर त्या माणसाकडूनच माफी घ्यावी लागते. सकाळी मी वर्गात उभी राहिले, कालची यादी चुकीची आहे असं सांगितलं आणि खरी वाचली. टाळ्या वाजल्या नाहीत.

तांबोळीला मधल्या सुट्टीत विचारलं, "तुला तुझे गुण माहीत होते. काल बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "कॉम्प्युटर से निकाले ना टीचर. मुझे लगा मेराच गलत होगा." मला एकदम लाज वाटली. मोठ्यांपुढे, ऑफिसापुढे, छापील कागदापुढे आपलंच चुकलं असेल असं मानायला या मुलींना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यात मी मशीनची भर घातली होती.

पाच घरी मला स्वतःला जायचं होतं. चार घरी फार बोलावं लागलं नाही. दोन नंबरच्या मुलीची आई शिलाई करते. तिने आदल्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले होते. मी खाली बसून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ मशीनवरच्या कापडाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मशीन की गलती है टीचर, तुम क्या करेंगे." हो म्हणाले असते तर सुटले असते. मी म्हटलं, "नहीं, मेरी गलती है. मशीन मैं बोली वैसाच की." तिने चहा टाकला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर मी दहा-बारा मुलींना पायथन शिकवते. डब्याचं चित्र काढत नाही. फळ्यावर एक मुलगी काढते आणि तिला दोन नावं देते. मग चुका शोधायची रीत सांगते. उत्तर विचित्र आलं की वाद घालू नका, मधेमधे प्रिंट टाका आणि त्या क्षणी चलात काय आहे ते बघा. संख्या आहे की मजकूर अशी शंका आली तर 'टाइप' विचारा. समान चिन्ह बघितलं की 'बरोबर आहे' असं वाचू नका, 'याला हे नाव दे' असं वाचा. दोन गोष्टी समान आहेत का हे विचारायला दोन समान चिन्हं लागतात. दोन नावं एकाच यादीची आहेत का हे बघायचं असेल तर 'इज' हा शब्द वापरून विचारा, तो खरं-खोटं सांगतो. बेरीज सुरू करण्याआधी प्रत्येक मुलीसाठी 'एकूण' शून्य केलं का बघा, नाहीतर पहिलीचे गुण दुसरीच्या खात्यात जातात.

आणि शेवटचा नियम माझ्या त्या यादीतून आलेला. कुठलाही प्रोग्रॅम बेचाळीस मुलींवर चालवण्याआधी तीन मुलींवर चालवा, आणि त्या तिघींचं उत्तर आधी हाताने कागदावर काढून ठेवा. क्रम मुद्दाम उलटा ठेवा, सगळ्यात जास्त गुण शेवटच्या मुलीला द्या. मी एवढं केलं असतं तर ती यादी वर्गापर्यंत गेलीच नसती.

दोन नंबरची मुलगी सुरुवातीला शनिवारी येत नव्हती. पावसाळ्यात एक दिवस आली आणि मागे बसली. आता मी फळ्यावर समान चिन्ह लिहिलं की ती हात वर करते. "टीचर, ये कॉपी है के दूसरा नाम?" बऱ्याचदा तिथे साधी संख्याच असते आणि प्रश्नाची गरज नसते. तरी मी थांबते आणि प्रत्येक वेळी उत्तर देते.